दुकानांच्या आणि हॉटेलांच्या छतातले स्पीकर, इंटरकॉम: तुमचं लक्ष जातं का?

रेडिओवेडा

दुकानात किंवा हॉटेलात पाऊल टाकलं की माझी नजर आधी वर जाते. छतात स्पीकर कुठले आहेत, किती अंतरावर बसवलेत, चालू आहेत की बंद पडून तसेच राहिलेत, गल्ल्यावर माइक आहे का, असला तर वापरात आहे का, हे बघून झाल्याशिवाय मला मेनूकार्ड हातात घ्यावंसं वाटत नाही. असं लक्ष असणारे इथे आणखी असणार याची खात्री आहे, म्हणून हा धागा.

का बघायचं ते आधी सांगतो. जागेत आवाज कसा पोचवलाय, यावरून मालकाने आत बसणाऱ्या माणसाचा किती विचार केलाय ते कळतं, हे माझं ठाम मत आहे. सारख्याच आकाराची दोन हॉटेलं घ्या. एकात दोन कोपऱ्यांत दोन मोठे डबे टांगलेत, दुसऱ्यात छतभर आठ-दहा लहान गोल स्पीकर आहेत. पहिल्यात कोपऱ्यातल्या टेबलावरच्यांचे कान किटतात आणि मधल्या टेबलावर गाणं धड ऐकू येत नाही, म्हणून मालक आवाज आणखी चढवतो. दुसऱ्यात सगळीकडे सारखाच, हलका आवाज असतो आणि समोरच्याशी बोलता येतं. कुठे बसायचं, किंवा बसायचंच की नाही, हे छताकडे बघून ठरवता येतं.

जुन्या जागांमध्ये तर छत आणि भिंती मिळून त्या दुकानाचा इतिहास सांगतात. जुन्या उडुपी हॉटेलांत भिंतीवर, पंख्याच्या उंचीला, समोर कापड लावलेला लाकडी डबा दिसतो. दादरच्या आणि लक्ष्मी रोडवरच्या जुन्या कापड दुकानांत खांबांना उभे अरुंद कॉलम स्पीकर असतात, बहुतेक वेळा अहुजाचे. फॉल्स सीलिंगचं युग आलं आणि दोन बाय दोन फुटांच्या टाइलमध्ये गोल पांढरी जाळी दिसायला लागली. आता काही ठिकाणी ते सगळं तसंच ठेवून फ्रिजवर एक ब्लूटूथ स्पीकर ठेवलेला असतो. छतातले दहा स्पीकर मुके आणि खालचा एकटा ओरडतोय, हे बघून मला खरंच वाईट वाटतं.

एक गोष्ट जवळून बघा असं सांगेन. दुकानाला रंग काढला की रंगारी स्पीकरची जाळी काढत नाही, तिच्यावरूनच रोलर फिरवतो. जाळीची भोकं रंगाने बुजतात. खाली उभं राहून नीट बघितलं तर काही भोकं उघडी, काही अर्धी भरलेली, काही पूर्ण बंद दिसतात. मग स, श, च, फ ही अक्षरं दबतात आणि घोषणा घोगरी येते. लोकांना वाटतं स्पीकर गेला. स्पीकर ठणठणीत असतो. जाळी उतरवून सुईने किंवा थिनरने साफ केली की झालं.

नवीन बघणाऱ्यांसाठी: छतातली प्रत्येक गोल वस्तू स्पीकर नसते. मधेमधे लाल दिवा लुकलुकतो तो स्मोक डिटेक्टर. गुळगुळीत, भोकं नसलेली आणि एखादा निळा किंवा हिरवा दिवा असलेली तबकडी वायफायची. बारीक भोकांची जाळी, साधारण सहा ते आठ इंचांची, ओळीत सारख्या अंतरावर असेल तर ते स्पीकर. भिंतीवर एक ते दहा आकडे असलेली गोल खुंटी दिसली तर तिथे त्या खोलीपुरता आवाज कमी-जास्त करायची सोय आहे.

तुम्ही कुठे काय बघितलंय ते लिहा. चालू इंटरकॉम दिसला असेल तर आवर्जून लिहा, ते आता फार कमी उरलेत.

शेंगदाणा

वाचतोय. आजपासून मीही वर बघणार.

सोल्डर

धागा बघून फार बरं वाटलं. नाशिक आणि आसपासच्या भागात मी हेच बसवायचं काम करतो. रेडिओवेडा यांनी कोपऱ्यातल्या दोन डब्यांबद्दल लिहिलंय ते शब्दशः खरं आहे. त्यामागचं तंत्र थोडं सांगतो, कारण ते कळलं की वर बघण्यात जास्त मजा येते.

घरच्या सिस्टिमचे स्पीकर चार किंवा आठ ओहमचे असतात. अँप्लिफायर जवळच असतो, त्यामुळे चालतं. दुकानात वायर शंभर मीटर फिरते आणि स्पीकर वीस असतात. आठ ओहमला शंभर वॉट द्यायचे तर साधारण २८ व्होल्ट आणि साडेतीन अँपियर लागतात. तेच शंभर वॉट १०० व्होल्टवर पाठवले तर एकच अँपियर लागतो. तारेत वाया जाणारी ताकद करंटच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणजे इथे साडेबारा पट फरक पडला. वीज लांब न्यायची तर तिचा दाब वाढवून नेतात, त्यातलाच हा प्रकार. आमच्या धंद्यात याला १०० व्होल्ट लाइन म्हणतात.

अशा प्रत्येक स्पीकरच्या पाठीवर छोटा ट्रान्सफॉर्मर असतो आणि त्याला टॅप असतात: ६ वॉट, ३ वॉट, दीड वॉट. कुठल्या टॅपला वायर जोडली त्यावर त्या एका स्पीकरचा आवाज ठरतो. म्हणजे एकाच लाइनवर जेवायच्या भागातला स्पीकर दीड वॉटवर आणि भांडी घासायच्या जागेतला सहा वॉटवर ठेवता येतो. सगळे स्पीकर समांतर जोडायचे आणि नुसती बेरीज करायची. वीस स्पीकर तीन वॉटवर म्हणजे साठ वॉट. बेरीज अँप्लिफायरच्या ८० टक्क्यांच्या वर जाऊ द्यायची नाही, म्हणजे इथे निदान ७५ वॉटचा अँप्लिफायर हवा.

अंतराचा हिशोबही सोपा आहे. छत तीन मीटरवर आणि बसलेल्या माणसाचे कान १.२ मीटरवर धरा. मधे राहिले १.८ मीटर. ९० अंशांत आवाज टाकणारा स्पीकर असेल तर कानाच्या उंचीला ३.६ मीटर व्यासाचं वर्तुळ मिळतं. म्हणजे साधारण साडेतीन मीटरवर पुढचा स्पीकर. छत बुटकं असेल तर वर्तुळ लहान होतं आणि स्पीकर जास्त लागतात. गिऱ्हाइकाला हे पटवणं अवघड जातं, कारण "छोटीच तर जागा आहे" असं त्यांना वाटत असतं.

बिघाडही खालूनच ओळखता येतो. एकच स्पीकर मुका असेल तर त्याचा जोड किंवा ट्रान्सफॉर्मर गेलाय. एका जागेपासून पुढचे सगळे बंद असतील तर मधे वायर तुटली आहे, आणि किराणा दुकानात ती बहुतेक उंदराने तोडलेली असते. सगळंच बंद आणि अँप्लिफायरवर लाल दिवा, म्हणजे कुठेतरी दोन तारा एकमेकींना चिकटल्यात.

जोडेवाला

रेडिओवेडा, चालू इंटरकॉम हवा होता ना, माझ्याकडे आहे.

मुंबईत कॉलेजात असताना मी चपलांच्या दुकानात काम करायचो. दुकानाचं नाव लिहीत नाही. खाली जेमतेम दहा फूट रुंदीचं दुकान आणि वर पोटमाळा, त्यात छतापर्यंत खोकी. काउंटरच्या फळीखाली छोटा माइक आणि एक खटका. गिऱ्हाइकाने जोडा पसंत केला की सेल्समन खटका दाबून डिझाइनचा नंबर, रंग आणि माप एवढंच बोलायचा. "चारशे बारा, काळा, आठ." माळ्यावर स्पीकर खोक्यांच्या मधोमध टांगलेला. वरचा पोरगा खोकं काढायचा आणि छतातल्या चौकोनी भोकातून खाली सोडायचा. सेल्समन गिऱ्हाइकाशी बोलता बोलता वर न बघता एका हाताने झेलायचा.

त्या बोलण्याचीही एक शिस्त होती. आठ आणि साठ, सहा आणि दहा यांत गोंधळ व्हायचा, म्हणून माप नेहमी शेवटी आणि वेगळं थांबून बोलायचं. दुकान भरलेलं असताना चार सेल्समन एकामागोमाग बोलायचे, पण एकाचं बोलणं संपल्याशिवाय दुसरा खटका दाबायचा नाही. हे कुणी शिकवलं नव्हतं, पहिल्या दिवशी दोन-तीन खोकी चुकीची आली की आपोआप कळायचं.

वरच्या पोराला बोलायची सोय मात्र नव्हती. माल संपला असेल तर तो भोकातून डोकं काढून "नाही" म्हणायचा. उन्हाळ्यात त्या माळ्यावर उभं राहवत नसे, आणि दिवसभर कानाशी तो स्पीकर. दुकानात गेलात की छताचं भोक बघालच, पण वर उभ्या असलेल्या माणसाचाही विचार करा असं मला मनापासून वाटतं.

रेडिओवेडा

जोडेवाला, फार सुंदर लिहिलंत. ती भोकं मी बघितली आहेत, पण वरच्या बाजूला काय चालतं ते आज कळलं. एकतर्फी होता म्हणजे साधा माइक आणि अँप्लिफायर. दोन्हीकडून बोलता येणारा टॉकबॅक बसवायला खर्च फार वाढला नसता.

शालूपैठणी

आमच्या गावाकडच्या चार मजली साडी दुकानात गल्ल्यावरच्या माइकवर तीनच प्रकारचं बोलणं असतं. "दुसऱ्या मजल्यावर शालू काउंटरला चहा पाठवा." "तिसऱ्या मजल्यावर नऊवारी बघायला मंडळी येत आहेत." आणि "एमएच बारा अमुक तमुक, पांढरी गाडी, कृपया बाजूला घ्यावी." लग्नसराईत गाडीचं बोलणं बाकी दोन्हींपेक्षा जास्त असतं. ताई-दादांनो, कुठल्याही गावात जा, दुकानाच्या माइकवरून गाडीचा नंबर ऐकू येणारच.

एकदा माझी भाची त्या दुकानात हरवली होती. गल्ल्यावरच्या काकांनी तिच्या फ्रॉकचा रंग सांगून चारही मजल्यांवर घोषणा केली आणि दोन मिनिटांत तिसऱ्या मजल्यावरच्या सेल्सगर्लने तिला खाली आणलं. तेव्हापासून त्या करकरीत आवाजाच्या स्पीकरबद्दल मला माया आहे.

एडिसनकर

शालूपैठणी ताई, तुमच्या भाचीच्या गोष्टीवरून आठवलं. अमेरिकेत दुकानात मूल हरवलं तर छतातल्या स्पीकरवरून "कोड अ‍ॅडम" अशी घोषणा होते. मुलाचं वर्णन सांगतात, कर्मचारी दारांवर उभे राहतात आणि शोध सुरू होतो. वॉलमार्टने १९९४ मध्ये हे सुरू केलं. १९८१ मध्ये फ्लोरिडातल्या एका डिपार्टमेंट स्टोअरमधून अ‍ॅडम वॉल्श नावाच्या सहा वर्षांच्या मुलाला पळवून नेऊन मारण्यात आलं होतं, त्याच्या नावावरून हे नाव पडलं. आपल्याकडच्या मॉलमध्ये आणि मोठ्या दुकानांत अशी ठरलेली पद्धत असावी असं मला फार वाटतं. यंत्रणा तर छतात आहेच.

इथे छतातल्या स्पीकरची लाइन ७० व्होल्टची असते, नेमकं सांगायचं तर ७०.७. सतत वर-खाली होणाऱ्या त्या दाबाचं सगळ्यात वरचं टोक बरोबर १०० व्होल्टला येतं. त्याहून जास्त दाब असला तर वायर नळीतून न्यायचे जास्त कडक नियम लागायचे, म्हणून तो आकडा धरला असं इथल्या बसवणाऱ्यांकडून ऐकलंय.

आणि इथे अशा गोष्टी मनापासून जपणारे लोक आहेत. केमार्ट दुकानांत वाजायला कॅसेट यायच्या, गाणी आणि मधे जाहिराती अशा. इलिनॉयमधल्या एका जुन्या कर्मचाऱ्याने १९८९ ते १९९२ च्या काळातल्या कॅसेट सांभाळून ठेवल्या आणि नंतर इंटरनेट अर्काइव्हवर सगळ्यांसाठी चढवल्या. हजारो लोकांनी त्या ऐकल्या. दुकानं बंद पडली, पण तिथलं छत काय बोलायचं ते राहिलं. आपल्याकडच्या एखाद्या जुन्या दुकानाच्या जिंगलची कॅसेट कुणाकडे असेल तर कृपा करून फेकू नका.

हॉटेलांच्या इंटरकॉमचं म्हणाल तर गाडीतून न उतरता ऑर्डर द्यायचा दुतर्फी स्पीकर इन-एन-आउट बर्गरने कॅलिफोर्नियात बाल्डविन पार्कला १९४८ मध्ये लावला. त्याआधी गाडीपाशी पोरं ऑर्डर घ्यायला यायची.

मांडवी

गोव्याहून. आमच्याकडे छत बघायचं तर आधी गंज दिसतो. समुद्राकाठच्या बारमध्ये स्पीकरची लोखंडी जाळी दोन पावसाळ्यांत तांबडी होते आणि छतावर तिच्याभोवती डागाचं कडं उमटतं. स्वयंपाकघराजवळचे स्पीकर तेलकट वाफेने चिकट होतात, मग धूळ धरतात. शंकूच्या कडेचा फोम झडतो आणि तबल्याच्या ठेक्याला फडफड आवाज येतो. नवीन बसवणाऱ्यांनी किनाऱ्याजवळ अ‍ॅल्युमिनियमची जाळी आणि रबरी कडेचा स्पीकर घ्यावा, एवढं ऐका.

शांतपणे_जेवू_द्या

सगळं वाचलं. पण मूळ प्रश्न विचारतो. हॉटेलात गाणी लागतातच कशाला? घरी आपण गाणी लावून जेवतो का? मला छतात एकही स्पीकर नसलेलं हॉटेल आवडतं. लोक बोलतात, भांडी वाजतात, तेवढा आवाज पुरे.

एडिसनकर

शांतपणे_जेवू_द्या, त्याचं कारण धंद्यात आहे. रोनाल्ड मिलिमन या अभ्यासकाने १९८२ मध्ये अमेरिकेतल्या एका सुपरमार्केटमधला प्रयोग छापला. संथ संगीत असताना लोक हळू चालले आणि जलद संगीताच्या दिवसांपेक्षा विक्री ३८ टक्क्यांनी जास्त झाली. १९८६ मध्ये त्यानेच रेस्टॉरंटमध्ये बघितलं, तर संथ संगीताला लोक जास्त वेळ बसले आणि पेयांवर जास्त खर्च केला. १९९७ मध्ये ब्रिटनमधल्या सुपरमार्केटमध्ये फ्रेंच गाणी लावली तर फ्रेंच वाइन जास्त खपली आणि जर्मन लावली तर जर्मन. त्याच्याही आधी, १९३४ मध्ये म्यूझॅक हे नाव घेऊन एक कंपनी तारेवरून हॉटेलांना, कचेऱ्यांना संगीत पुरवायला लागली होती. पुढे ते पंधरा मिनिटं संगीत आणि पंधरा मिनिटं शांतता अशा खंडांत पाठवायचे. म्हणजे मधली शांतता त्यांनीही महत्त्वाची मानली होती.

शांतपणे_जेवू_द्या

म्हणजे जास्त वेळ बसवायला संथ, लवकर उठवायला जलद. माझा आग्रह कायम आहे, पण पंधरा मिनिटांच्या शांततेवर मी राजी आहे.

मंद्र

मी दोन्ही कानांना श्रवणयंत्र वापरते, म्हणून या विषयावर मला खूप बोलायचं आहे.

यंत्र सगळेच आवाज वाढवतं. नवी यंत्रं बडबड आणि गोंगाट वेगळा करायचा प्रयत्न करतात, पण गाणं हे त्यांना बोलण्यासारखंच वाटतं. कोपऱ्यातला मोठा स्पीकर असेल तर समोर बसलेल्या माझ्या मुलाचं वाक्य मला ओठांवरून वाचावं लागतं. छतातले हलके स्पीकर असतील तर त्रास बराच कमी होतो, कारण माझ्या डोक्यावरचा एकच जवळचा स्पीकर ऐकू येतो, चार भिंतींवरून घुमून आलेले आवाज कमी असतात.

गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो. एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरने हे १९११ मध्ये मांडलं, आजही त्याच्याच नावाने ओळखतात. एक टेबल गाण्यावर मात करायला मोठ्याने बोलतं, शेजारचं त्याच्यावर मात करायला, आणि मग गाणं ऐकू येईना म्हणून मालक ते वाढवतो. सुरुवात कुठून झाली हे कुणालाच कळत नाही. संगीत अगदी थोडं कमी केलं तरी सगळं हॉटेल खाली येतं, हे मी पुष्कळदा मागणी करून बघितलंय. शिवाय बहुतेक वेटर दादा लगेच कमी करतात, त्यांनाही त्रास होतच असतो.

टोकन नंबर पुकारणाऱ्या हॉटेलांना एक विनंती. बोलायच्या आधी टिंग-टाँग वाजवा. तो सूर ऐकला की मी मान वर करते आणि पुढचा आकडा पकडते. सूर नसेल तर "बेचाळीस" मधलं "बे" निघून जातं आणि हातात "चाळीस" उरतं. आकडा पडद्यावरही दाखवा. तिकीट खिडक्यांच्या आणि बँकांच्या काचेतल्या इंटरकॉमला इंडक्शन लूप, म्हणजे आवाज चुंबकीय लहरींनी पाठवणारं तारेचं वेटोळं, बसवला तर माझ्या यंत्रातली टेलिकॉइल नावाची छोटी गुंडाळी थेट त्यातला आवाज उचलते, मधला गोंगाट येतच नाही. परदेशात काउंटरवर अशा लूपची, कानाच्या चित्राची पाटी बघितली आहे. आपल्याकडे ती दिसली की माझ्यासाठी तो सण असेल.

कढीपत्ता

मंद्र ताई, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. ठाण्यात माझं छोटं हॉटेल आहे, बारा टेबलं. छतात सहा स्पीकर आहेत, आधीच्या मालकाने बसवलेले. पण मी आल्यापासून तक्रार एकच: खिडकीजवळ फार मोठा आवाज, आतल्या बाजूला काहीच नाही. अँप्लिफायरची खुंटी फिरवून फिरवून माझी माणसं कंटाळली. सोल्डर दादा, हे टॅप प्रकरण आमच्याकडे असेल का? ते कसं ओळखायचं? आणि गाण्यांच्या परवान्याचं कुणाला नीट माहीत असेल तर तेही सांगा, मला वेगवेगळी माणसं वेगवेगळं सांगतात.

कायदेकानू

परवान्याचं मी थोडक्यात सांगतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा आणि गीत-संगीताचा हक्क वेगळा. म्हणून दुकानात, हॉटेलात गाणी वाजवायची तर दोन्हीकडचा प्रश्न येतो. ध्वनिमुद्रणांसाठी पीपीएल, गीतकार-संगीतकारांसाठी आयपीआरएस या परवाने देणाऱ्या संस्थांची नावं प्रामुख्याने समोर येतात. तुम्ही वाजवता ती गाणी कुणाकडे आहेत ते आधी बघा आणि कागद हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. फोनमधलं गाण्यांच्या अ‍ॅपचं वैयक्तिक वर्गणीचं खातं धंद्यासाठी चालत नाही, हे त्या अ‍ॅपच्या अटींतच लिहिलेलं असतं.

आवाजाचं वेगळं. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक वाजवता येत नाही. सूट आहे ती बंदिस्त जागेतल्या आतल्या वापराला, सभागृह, बँक्वेट हॉल वगैरे. मर्यादा निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५, व्यापारी भागात ६५ आणि ५५. सेलच्या दिवसांत दाराबाहेर रस्त्याकडे तोंड करून जो डबा ठेवतात तो "आत" मोडत नाही. फुटपाथवरून जाणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या कानात तो थेट जातो, आणि मला त्याचा मनस्वी राग आहे.

शेंगदाणा

काल मॉलमध्ये वर बघितलं. एका दुकानात एकाआड एक स्पीकर चालू आणि एकाआड एक बंद होते. हा बिघाड कसला?

सोल्डर

शेंगदाणा, पहिल्याच फेरीत छान पकडलंत. तो बहुधा आणीबाणीच्या घोषणेला जोडलेला स्पीकर-संच असावा. आगीच्या वेळी बोलून सूचना देणाऱ्या यंत्रणेत एकाच भागाला दोन स्वतंत्र लाइनी देतात आणि स्पीकर आलटून पालटून जोडतात, एक पहिल्या लाइनला, पुढचा दुसऱ्या लाइनला. एक लाइन जळाली किंवा तुटली तरी अर्धे स्पीकर बोलत राहतात आणि माणसांना बाहेरचा रस्ता कळतो. तुम्हाला दिसलं त्याचा अर्थ त्यांची एक लाइन गेली आहे. मॉलच्या कचेरीत जाऊन जरूर सांगा. नॅशनल बिल्डिंग कोड २०१६ च्या चौथ्या भागात आगीपासूनच्या सुरक्षेत सार्वजनिक घोषणेच्या यंत्रणेचाही विचार केला आहे. गाणी वाजतायत म्हणून सगळं ठीक आहे असं मॉलवाले धरून चालतात आणि अर्धी यंत्रणा महिनोन् महिने बंद राहते.

कढीपत्ता ताई, आता तुमचं. आधी अँप्लिफायरच्या मागे बघा. वायर १००V लिहिलेल्या स्क्रूला असेल तर टॅप आहेत. ४ किंवा ८ ओहम लिहिलेल्या जागी असेल तर काहीच हलवू नका, मला इथे लिहा. तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून माझा अंदाज असा की खिडकीजवळचे स्पीकर सहा वॉटवर आहेत आणि आतले दीडवर. पूर्वी खिडकी उघडी असेल, रस्त्याचा आवाज येत असेल, म्हणून आधीच्या माणसाने तसं ठेवलं असेल. नंतर काच बसली आणि टॅप तसेच राहिले. सहावरून तीनवर आणलं की तीन डेसिबल कमी, दीडवर आणलं की सहा.

कढीपत्ता

दादा, बघितलं. १०० लिहिलेल्या स्क्रूलाच आहे! आणि खिडकीला काच मी हॉटेल घेतल्यावर बसवली, हे तुम्ही कसं ओळखलंत? सोमवारी आम्ही बंद असतो, तेव्हा इलेक्ट्रिशियनला बोलावते. त्याला नेमकं काय सांगू?

सोल्डर

सगळे सहा स्पीकर दीड वॉटवर आणायला सांगा. खिडकीपासून आत एकेक टेबलावर बसून ऐका, जिथे खरोखर कमी वाटेल तोच एक तीनवर न्या. काम सुरू करायच्या आधी अँप्लिफायर बंद करून त्याचा प्लग काढा, लाइनवर १०० व्होल्ट असतात आणि ते हाताला बसतात. टाइल उचलताना खाली पत्रा किंवा चादर धरा, वर वर्षानुवर्षांची धूळ असते. स्पीकर खाली उतरवलाच आहे तर जाळीची भोकं रंगाने बुजलीत का तेही बघून घ्या. आणि टॅपला जोडलेल्या तारांचा फोटो आधी काढून ठेवायला सांगा, प्रत्येक स्पीकरचा वेगळा.